क्षमेची मर्यादा

संस्कृतात 'मर्यादा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, शेताचा बांध अथवा गावाची शीव. आणि दुसरा, सदाचाराची रेषा. जमिनीच्या सीमेला आणि मनाच्या सीमेला एकच शब्द का लागावा, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केवळ कोशाच्या दृष्टीने करीत असे. वीस-बावीस वर्षे ग्रंथांच्या भाषांतरात गेली. योग्य प्रतिशब्द सापडला की काम संपले, असे वाटण्याची सवय जडली होती. परंतु काही काळापूर्वी आमच्या घराच्या भिंतीशीच असा एक प्रसंग उभा राहिला की, या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच समोर आले आणि कोणताही कोश उपयोगी पडेना. घरची गोष्ट चारचौघांत सांगणे संकोचाचे असते. तथापि असा प्रसंग आज गावोगावच्या गृहस्थांवर येत आहे, म्हणून ती सांगतो.

आमचे बिऱ्हाड पनागर येथे आहे. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे लहानसे शहर. भोवती मटाराची शेते. इंग्रजी अमल येण्यापूर्वी, १८१७ पर्यंत, हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या काळी आणि पुढेही नोकरीचाकरीच्या निमित्ताने पुष्कळ मराठी घरे महाकोशलात स्थिरावली. आमचे घर त्यांपैकीच एक. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर आलेल्या दोन हातगाड्यांपैकी एकीला मागे सरावे लागते. आमचे शेजारी व्यापारी आहेत. वयाने माझ्याहून थोडे लहान, बोलण्यात गोड, अडीअडचणीला धावून येणारे. वडिलांच्या आजारपणात मध्यरात्री गाडी काढून त्यांना जबलपुरास नेले ते यांनीच. ही गोष्ट आरंभीच नमूद करतो, कारण पुढील सर्व हकीकत वाचताना ती ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

या गृहस्थांनी आपल्या घरावर आणखी दोन मजले चढविले. मंजूर नकाशात एकच मजला होता. आमच्या बाजूस जे सामासिक अंतर मोकळे सोडावयाचे, ते सोडले नाही. गल्लीवर तीन फुटांचा सज्जा काढला आणि गच्चीची पन्हळ आमच्या भिंतीकडे वळविली. काम थांबविण्याविषयी रीतसर नोटीस आली व ती त्यांच्या दारावर डकविण्यात आली. चार दिवसांनी दाराला नवा रंग लागला आणि नोटीस रंगाखाली गेली. दुसरी नोटीस आली. तेव्हापासून काम रात्री चालू लागले. पावसाळा आला तसे माझ्या आईच्या खोलीच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. ज्या खिडकीच्या उजेडात वडिलांनी जन्मभर पोथ्या वाचल्या, तिच्यापाशी भर दुपारी दिवा लावण्याची वेळ आली.

मी विचारावयास गेलो. ते म्हणाले, "पंडितजी, साऱ्या गावात असेच चालते. तुम्ही तर गीता वाचणारे. तुम्हाला काय हा मोह?"

हे वाक्य मला लागले. त्यात उपरोध होता, पण प्रश्नही खरा होता. ज्याने समत्वाचा पाठ घेतला त्याने भिंतीसाठी भांडावे काय? आणि न भांडावे तर, कायदा धाब्यावर बसविणाऱ्यापुढे मान तुकविणे यालाच क्षमा म्हणावे काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे परंपरेने दिली जातात. एक पक्ष म्हणतो, सहन करावे. पैठणच्या नाथांची कथा सर्वांस ठाऊक आहे: गोदावरीवर स्नान करून परतताना एक मनुष्य पुनःपुन्हा अंगावर थुंकला, नाथ पुनःपुन्हा गंगेवर गेले, आणि शेवटी लाजला तो थुंकणारा. दुसरा पक्ष म्हणतो, जशास तसे वागावे. गृहस्थाने संन्याशाचा आव आणला तर दुष्टांचेच फावते. हा वाद केवळ ओट्यावरचा नव्हे. १९२० च्या जानेवारीत लोकमान्य टिळक आणि महात्मा गांधी यांच्यात 'यंग इंडिया'च्या पानांवर नेमका हाच वाद झाला. राजकारण हा संसारी माणसांचा व्यवहार आहे, साधूंचा नव्हे, असे टिळकांचे म्हणणे. अक्रोधाने क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा, जो जसा येईल त्याला तसे भेटणाऱ्या श्रीकृष्णाचे वचन त्यांना व्यवहारास अधिक योग्य वाटे. दुर्जनाशीही सत्यानेच वागावे, यात गांधीजींना तडजोड मान्य नव्हती. दोघेही गीतेचे अभ्यासक, दोघांनीही तिच्यावर ग्रंथरचना केली. एकाच ग्रंथातून असे दोन मार्ग निघतात, तेव्हा सामान्य गृहस्थाने काय करावे?

मला वाटते, मार्ग निवडण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावयास हवा: जे नुकसान झाले ते कोणाचे?

नाथांच्या अंगावर जे पडले ते नाथांच्याच अंगावर पडले. म्हणून त्याची क्षमा करण्याचा अधिकार नाथांचा होता आणि तो त्यांनी वापरला. तोच मनुष्य पैठणच्या पाणवठ्यात विष कालवीत असता, तर नाथ शांतपणे पाहात उभे राहिले असते, असे कोणीही म्हणणार नाही. क्षमा हे दान आहे, आणि दान आपल्या मालकीच्या वस्तूचेच होते. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव वाटून टाकणारा दाता ठरत नाही. तो विश्वासघातकी ठरतो.

या कसोटीवर माझी तक्रार घासून पाहिली, तेव्हा तिचे तीन भाग पडले. पहिला भाग निखळ माझा होता: खिडकीचा उजेड, घराची शोभा, आणि 'मला न विचारता केले' हा दुखावलेला अभिमान. कायद्याने उजेडावरही हक्क पोहोचतो. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आरंभी ज्या थोड्या प्रांतांना लागू झाला, त्यांत आमचा मध्यप्रांत होता. वीस वर्षे अखंड, निर्वेधपणे उपभोगलेल्या उजेडवाऱ्याचे त्यात संरक्षण आहे. तरीही हा हक्क सोडावयाचा तर सोडण्यास मी मोकळा होतो. दुसरा भाग माझ्या आश्रितांचा: ओल आईच्या खोलीत येत होती आणि सांधे तिचे दुखत होते. तिच्या वतीने परस्पर उदार होण्याचा अधिकार मला कोणी दिला? तिसरा भाग तर आमच्या घराचाही नव्हता. तीन फूट सज्जामुळे गल्ली आणखी अरुंद झाली. कोपऱ्यावरच्या घरात आग लागली तर पाण्याचा बंब आत कसा यावा? एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर तीन मजले उभे राहिले, ते पडले तर कोणावर पडतील?

ही भीती काल्पनिक नाही. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंप झाला, तेव्हा तिसाहून अधिक माणसे दगावली आणि हजारो घरांची पडझड झाली. आमच्या गल्लीतील वडीलधाऱ्यांना ती पहाट अजून आठवते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यात शिळफाट्याजवळ एक अनधिकृत इमारत, बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. त्यांत मजुरांची लहान मुले होती. पाया, सामासिक अंतर, मजल्यांची संख्या यांविषयीचे नियम वाचावयास नीरस असतात. अनोळखी माणसाच्या प्राणाची काळजी शब्दांत मांडली की ती अशीच दिसते. तेव्हा जो नियम गल्लीतल्या प्रत्येक मुलाच्या रक्षणासाठी आहे, त्याच्या भंगाची क्षमा मी एकटा कोणत्या अधिकाराने करणार होतो?

कोणी म्हणेल, हे नकाशे आणि परवाने परक्या राज्यकर्त्यांनी आणले. आपल्या धर्मशास्त्राशी त्यांचा काय संबंध? हा समज चुकीचा आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे. कौटिल्याने तर अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयी स्वतंत्र अध्याय लिहिला. दोन घरांमध्ये अंतर किती असावे, पन्हळीचे पाणी कोठे पडावे, खिडकी कशी असावी, याचे नियम त्यात आहेत. आणि आपल्या पाण्याने शेजाऱ्याची भिंत नासविणाऱ्यास दंड आहे. हे वाचताना मला हसूही आले आणि खेदही वाटला. दोन हजार वर्षे लोटली, आणि पन्हळ अजून शेजाऱ्याच्याच भिंतीकडे वळते.

त्याच अध्यायातील आणखी दोन गोष्टी मननीय आहेत. घरांच्या वादाचा निर्णय कौटिल्य 'सामन्तां'च्या साक्षीवर सोपवितो. सामन्त या शब्दाचा मांडलिक राजा हा अर्थ नंतरचा. येथे तो ज्याची सीमा आपल्या सीमेला भिडली आहे त्याला, अर्थात् शेजाऱ्याला लागतो. ज्याच्याशी तंटा होण्याचा संभव सर्वांत अधिक, तोच आपल्या सत्याचा साक्षीदार. दुसरी गोष्ट अशी की, घरमालकांनी एकत्र येऊन परस्परसंमतीने आपल्या सोयीप्रमाणे बांधावे, मात्र जे अपायकारक ते टाळावे, अशी मोकळीक तो देतो. संमतीला वाव आहे, पण अपायाला संमती नाही. वर ज्या तीन भागांविषयी बोललो, त्यांचे सारे मर्म या एका विधानात आले आहे.

आजच्या न्यायालयांचा निर्णयही याहून निराळा नाही. श्रीकृष्णाच्या मंदिराने प्रसिद्ध असलेल्या उडुपी नगरात, रहिवासासाठी राखलेल्या भागात मंगल कार्यालयासाठी मिळालेल्या परवानगीचे पुढे चित्रपटगृहात रूपांतर झाले. तेथील एका रहिवाशाने हरकत घेतली. उच्च न्यायालयाला परवानगी नियमबाह्य वाटली, पण पुष्कळ पैसा खर्च झाला म्हणून त्याने हात आखडता घेतला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. अशा बांधकामाने शेजारच्या रहिवाशांच्या वास्तूच्या उपभोगाला बाध येतो. म्हणून त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे, आणि नियम पाळणे व पाळविणे हे नगरसंस्थेचे त्यांच्याप्रति कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयातही त्याच न्यायालयाने बजावले की, काळ लोटला, पैसा गुंतला किंवा अधिकारी स्वस्थ बसले, एवढ्याने अवैध बांधकाम वैध होत नाही. नोइडा येथील दोन उत्तुंग मनोऱ्यांविरुद्ध शेजारच्या इमारतींतील रहिवासी २०१२ साली उच्च न्यायालयात गेले. २०१४ साली तेथे आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. त्या काही सेकंदांमागे सामान्य कुटुंबांची दहा वर्षांची चिकाटी होती.

येथपर्यंत विचार आला, तेव्हा माझे मन उत्साहित झाले. धर्मही माझ्या बाजूस, कायदाही माझ्या बाजूस. आता शस्त्र उचलण्यास हरकत कोणती? परंतु याच जागी गीता वाचणारा माणूस सर्वांत अधिक घसरतो. आपण प्रत्येकजण ती वाचताना स्वतःला अर्जुन समजतो आणि शेजाऱ्याला दुर्योधन. दुर्योधनाच्या जागी स्वतःला ठेवून कोणी वाचतो काय?

शिवाय आपण एक गोष्ट विसरतो. गीता भीष्मपर्वात आहे आणि भीष्मपर्वाच्या आधी उद्योगपर्व आहे. रथ दोन्ही सैन्यांमध्ये उभा राहण्यापूर्वी द्रुपदाचा पुरोहित जाऊन आला, संजय येऊन गेला, आणि अखेरीस भगवान स्वतः शिष्टाई करण्यास हस्तिनापुरास गेले. मागणी अर्ध्या राज्यावरून पाच गावांवर आली होती. ज्याने आपले उद्योगपर्व पूर्ण केले नाही, त्याला गीतेचे वचन उच्चारून न्यायालयाची पायरी चढण्याचा अधिकार नाही. मी शेजाऱ्यांशी बोललो होतो खरा, पण एकदाच, तेही गल्लीत, चारजणांच्या देखत, आणि आवाज चढवून. त्याला शिष्टाई म्हणता येत नाही.

म्हणून मी आधी घरी बसून अर्जाचा मसुदा लिहिला आणि त्यासाठी आमच्या घराचा जुना नकाशा काढला. तो पाहता पाहता मीच वरमलो. आमच्या दाराबाहेरचा ओटा नकाशात नव्हता. वडिलांच्या वेळी केव्हातरी बांधला गेला असावा. संध्याकाळी आई तेथे तुळशीपाशी बसते. गटारावर तो हातभर पुढे आलेला होता. गल्ली अरुंद करण्यात सज्जाचे तीन फूट त्यांचे होते, तर ओट्याचा हातभर आमचा होता. अपराधाच्या मापात अंतर होते, जातीत नव्हते. "साऱ्या गावात असेच चालते" हे त्यांचे वाक्य मला उद्धटपणाचे वाटले होते. वस्तुतः ते आमच्या ओट्याकडे पाहून म्हटलेले असावे.

आईला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "तुळस आत आण. आधी आपले काढ, मग त्यांना सांग." दुसऱ्या आठवड्यात गवंडी लावून ओटा काढला.

ओटा निघालेला पाहून शेजाऱ्यांना उपरती झाली, असे मी लिहिले तर ते असत्य होईल. तसे काही घडले नाही. काही दिवस तर ते हसतच होते. माझ्यात मात्र फरक पडला: त्यांच्याविषयीचा त्वेष निघून गेला, आणि मागणी पूर्वीहून अधिक स्पष्ट झाली. मी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या वृद्ध आईस नमस्कार केला आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, "भैया, हा मी उद्या देणार आहे. तुमच्या पाठीमागे द्यावयाचा नाही, म्हणून आधी दाखवितो. उजेडाविषयी यात एक अक्षर नाही. तो मी सोडला. पन्हळ आईसाठी लिहिली आहे. सज्जा आणि वरचे मजले गल्लीसाठी लिहिले आहेत. ते सोडणे माझ्या हाती नाही." त्यांनी अर्ज वाचला, काही न बोलता परत केला, आणि पुढे तीन महिने आमच्याशी बोलणे टाकले.

या तीन महिन्यांत मी मनाशी काही नियम बांधून घेतले होते. ते वाचकांच्या उपयोगी पडावेत म्हणून सांगतो. पहिला, तक्रार कृत्याची करावी, माणसाची नव्हे. त्यांच्या व्यापाराविषयी, मुलांविषयी, पूर्वीच्या चुकांविषयी शब्द काढावयाचा नाही. दुसरा, जे लिहावयाचे ते मापाने व तारखेने लिहावे, विशेषणे गाळावीत. तिसरा, आडवाटेने जावयाचे नाही: ओळखीचा मोठा माणूस शोधावयाचा नाही, आणि रात्री कामावर येणाऱ्या गरीब मजुरांना दटावावयाचे नाही. चौथा, सणवार, आजार, मृत्यू यांत येणे-जाणे आपल्या बाजूने बंद करावयाचे नाही. शेवटचा नियम सर्वांत कठीण: त्यांचे घर पडलेले पाहण्याची इच्छा मनात येईल तेव्हा अर्ज बाजूस ठेवावा. ती इच्छा आली. एकदा नव्हे, अनेकदा आली. गीतेने फलाची आसक्ती सोडावयास सांगितले, तेव्हा अशा कडू फलाची आसक्तीही त्यात मोडते, हे भाषांतर करताना माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

कायद्यानेही या इच्छेला लगाम घातला आहे, हे योग्यच झाले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, घर पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे आणि कारणे लेखी द्यावीत. रस्ता, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील बांधकाम या संरक्षणाबाहेर ठेवले. जो नियम मोडतो त्यालाही नियमाचे संरक्षण असते. मर्यादा एकाच बाजूस असेल तर तिला मर्यादा म्हणता येत नाही.

शेवट सांगावयास हवा. त्या हिवाळ्यात त्यांच्या आईचे देहावसान झाले. आम्ही सारे गेलो. माझी पत्नी तेरा दिवस तेथे मदतीस होती. अर्जाचा विषय आम्ही काढला नाही, त्यांनीही काढला नाही. पुढे त्यांनी स्वतःच लोक अदालतीची गोष्ट काढली. १९८७ च्या कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था गृहस्थांनी अवश्य समजून घ्यावी: तेथे संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. पन्हळ आणि भिंतीची ओल यांचा तंटा तेथे एका बैठकीत मिटला. भिंतीच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च मी आपण होऊन घेतला. सज्जा त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात कापला. वरच्या मजल्यांचा प्रश्न मात्र आम्हा दोघांच्या संमतीने सुटणारा नव्हता. काही मर्यादेपर्यंतचे जादा बांधकाम शुल्क भरून नियमित करण्याची तरतूद नगरपालिका अधिनियमात आहे, त्यापलीकडचे नाही. त्या मजल्यांपैकी काय राहावे आणि काय जावे, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. त्यांनी मला एकदा विचारले, "पंडितजी, तेवढा अर्ज मागे घ्या ना." मी म्हणालो, "माझा असता तर घेतला असता."

यावर ते रागावतील असे वाटले होते. ते थोडा वेळ उभे राहिले आणि घरात गेले. संध्याकाळी त्यांचा मुलगा नेहमीप्रमाणे संस्कृतच्या पाठासाठी आला. खोलीत उजेड कमी होता, म्हणून दिवा लावून आम्ही बसलो.

क्षमा आणि न्याय यांत विरोध आहे, असे मला आता वाटत नाही. माझे जे आहे ते मुक्तहस्ताने सोडावे. दुसऱ्याचे जे माझ्या हाती आहे ते सोडू नये. आणि कोणते माझे, कोणते दुसऱ्याचे, याची मोजणी स्वतःच्या ओट्यापासून सुरू करावी. एवढे केल्यावर निकाल कसाही लागो, शेजारी हा शेजारीच राहतो. सीमा एकच, पण ती दोघांची असते. इत्यलम्.